नगराचे रस्ते आणि नगराची तिजोरी

रस्ता कोणाचा, असे विचारले असता 'सर्वांचा' हे उत्तर सहज मिळते. तो बांधण्याचा आणि राखण्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सोपे नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली आणि नगरसंस्थांकडे सोपविण्याजोग्या विषयांत रस्ते व पूल यांचा समावेश केला. परंतु वाहनांवरील कर आणि पेट्रोलवरील विक्रीकर राज्याच्या तिजोरीत जमा होतात. पेट्रोलवरील उत्पादनशुल्क केंद्राकडे जाते. म्हणजे रस्ता झिजविणाऱ्या वाहनाचा कर वरच्या शासनाकडे जातो, आणि झिजलेला रस्ता नगरसंस्थेच्या वाट्याला राहतो.

ही अडचण नवी नव्हे. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने असा निष्कर्ष काढला की, रस्त्यांचा विकास हा प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक कुवतीबाहेर चालला आहे. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी स्थापन करण्यात आला. जो रस्ता वापरतो त्यानेच त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व येथे मान्य झाले. तथापि या निधीतील पैसा मुख्यतः महामार्ग, राज्यांतील महत्त्वाचे रस्ते आणि पुढे ग्रामीण रस्ते यांवर खर्च होत आला. शहरातील गल्ल्या आणि पदपथ यांची जबाबदारी नगरसंस्थेवरच राहिली.

ही जबाबदारी नगरसंस्था कशी पार पाडते, हे बंगळूर शहराच्या उदाहरणावरून पाहता येईल. जुनी पेठ आणि लष्करी छावणी यांच्यासाठी १८६२ साली दोन स्वतंत्र नगरपालिका निर्माण झाल्या. १९४९ साली त्यांची मिळून एक महानगरपालिका झाली. कर्नाटकात १९७९ साली जकात रद्द झाली आणि तिच्या भरपाईदाखल राज्याकडून अनुदान मिळू लागले. त्यामुळे घरपट्टी, म्हणजेच मालमत्ता कर, हा महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य आधार उरला.

मात्र घरपट्टीची आकारणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर नागरिक ती नाखुशीने भरतो. यावर उपाय म्हणून बंगळूरमध्ये २००० साली स्वयंआकारणीची पद्धत आली. बांधकामाचे क्षेत्रफळ, वस्तीचा विभाग आणि वापराचा प्रकार यांवरून घरमालकाने स्वतःच कर मोजावा व भरावा, असे तिचे स्वरूप होते. तिच्यामुळे करवसुली वाढली. २००८ पासून प्रतिचौरस फूट मूल्यावर आधारलेली आकारणी सुरू झाली.

दुसरा मार्ग कर्जाचा. १९९७ साली बंगळूर महापालिकेने राज्यशासनाच्या हमीवर १२५ कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. भारतीय नगरसंस्थेने असे रोखे काढण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पुढच्याच वर्षी अहमदाबादने शासकीय हमीविना १०० कोटी रुपये उभारले. कर्जाचे समर्थन करता येते, कारण आज बांधलेला रस्ता पुढील पिढीही वापरणार असते, आणि परतफेडीतून तीही आपला वाटा उचलते. परंतु परतफेड शेवटी करांतूनच व्हावयाची असल्यामुळे, ज्या नगराची करवसुली दुबळी त्याची पतही दुबळी.

तिसरा मार्ग राज्याच्या अनुदानाचा. २०१० नंतरच्या दशकात रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोड अशा निवडक रस्त्यांची पुनर्रचना झाली. तारा व नळ भूमिगत मार्गिकांतून नेण्यात आले आणि पदपथ रुंद करण्यात आले. पायी चालणाऱ्यास प्राधान्य देणारी ही कामे मुख्यतः राज्याच्या पैशातून झाली. अनुदानाचे बळ असे मोठे असते. पण त्याच्या मर्यादाही आहेत. ते एखाद्या कामापुरते येते आणि काम पुरे होताच थांबते. खड्डे भरणे, गटारे उपसणे, उखडलेली फरशी बसविणे ही कामे मात्र दर वर्षी करावी लागतात, आणि त्यांच्या उद्घाटनाचा समारंभ होत नाही. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर साचते, ते डांबराखाली मुरते, आणि थोड्या खर्चात वाचला असता तो रस्ता पुन्हा बांधावा लागतो. म्हणून नवा रस्ता अनुदानातून किंवा कर्जातून होऊ शकतो. त्याची निगा मात्र नियमित येणाऱ्या उत्पन्नातूनच राखावी लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरची एकच महापालिका जाऊन तिच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. मध्यवर्ती भाग आणि शहराची कड यांतील मालमत्तेचे मूल्य सारखे नाही. सुस्थितीतील रस्त्याची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. तेव्हा उत्पन्न आणि गरज यांचा मेळ घालण्याचा जुनाच प्रश्न या नव्या संस्थांपुढेही उभा आहे.

वाचकाने आपल्या गावाचे अंदाजपत्रक याच दृष्टीने पाहावे. रस्त्यांवरील खर्चापैकी किती स्वतःच्या उत्पन्नातून होतो, किती दुरुस्तीसाठी राखून ठेवला आहे, आणि पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला त्यातील किती येतो? या तीन आकड्यांवरून नगराच्या रस्त्यांचे पुढील काही वर्षांचे भवितव्य बऱ्याच अंशी सांगता येते.