घड्याळाचा अनुक्रमांक

मिरकरवाड्याच्या बंदरांत उभ्या असलेल्या होड्यांकडे पाहिलें, तर त्यांच्या बाजूंस रंगानें लिहिलेला नोंदणीचा क्रमांक आढळतो. एकाच नांवाच्या दोन होड्या एकाच बंदरांत असूं शकतात; एकाच क्रमांकाच्या दोन असूं शकत नाहींत. म्हणून होडी विकत घेणारा शहाणा नाखवा तिच्या रंगास भुलत नाहीं. बाजूवरचा क्रमांक कागदाशीं जुळतो कीं नाहीं, इंजिनावर ठोकलेला क्रमांक कोणता, हें तो आधीं पाहतो. पैशांची गोष्ट मागाहून बोलतो.

होडीहून कितीतरी लहान अशा एका वस्तूच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी थोडेच लोक बाळगतात. ती वस्तु म्हणजे मनगटावरचें उंची घड्याळ. कोंकणांतील पुष्कळ कुटुंबांतील मंडळी जहाजांवर अगर आखाती देशांत नोकरीस असतात, आणि वर्षानुवर्षांच्या बचतींतून एखादें मोलाचें घड्याळ घरीं येतें. तें खोटें किंवा चोरीचें निघालें, तर नुसता पैसाच जात नाहीं. ज्या श्रमांची तें खूण असावयाचें, त्या श्रमांचीही थट्टा होते. म्हणून घड्याळाचा अनुक्रमांक म्हणजे काय, तो कसा वाचावा, आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन क्रमांकांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. घड्याळावर बहुधा दोन प्रकारचे क्रमांक असतात: एक नमुन्याचा व दुसरा अनुक्रमांक. एका वर्गांत पन्नास विद्यार्थी असले तरी सर्वांची इयत्ता एकच असते. परंतु शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येकाचा क्रमांक निराळा, आणि एकदां दिलेला क्रमांक पुन्हां दुसऱ्यास देत नाहींत. नमुन्याचा क्रमांक हा इयत्तेसारखा आहे. त्या घाटाच्या हजारों घड्याळांवर तो एकच असतो. अनुक्रमांक हा जनरल रजिस्टरांतील क्रमांकासारखा आहे. तो त्या एकाच घड्याळाचा. दुकानदारानें दाखविलेला क्रमांक या दोहोंपैकीं कोणता, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

हा क्रमांक सर्व कारखाने एकाच जागीं घालीत नाहींत. पुष्कळांचा तो पाठीच्या झांकणावर असतो. कांहींचा आंतल्या यंत्रावर. कांहींचा, ज्या दोन शिंगांमध्यें पट्टा अडकवितात त्यांच्या मधल्या कडेवर. रोलेक्स कंपनीच्या जुन्या घड्याळांत पट्टा काढल्यावर बाराच्या बाजूस नमुन्याचा क्रमांक व सहाच्या बाजूस अनुक्रमांक दिसतो. अलीकडील घड्याळांत अनुक्रमांक कांचेच्या आंत, तबकडीभोंवतालच्या कड्यावर, सहाच्या आंकड्यापाशीं कोरलेला असतो. तो पट्टा न काढतां भिंगानें वाचतां येतो.

अनुक्रमांकावरून घड्याळ केव्हां तयार झालें हें कधीं कळतें, कधीं कळत नाहीं. जपानच्या सीको कारखान्याच्या पुष्कळ घड्याळांच्या पाठीवर सहा स्थानांचा क्रमांक असतो. त्यांतील पहिला आंकडा सालाचा शेवटचा आंकडा दाखवितो व दुसरें स्थान महिना दाखवितें. जानेवारी ते सप्टेंबर यांस १ ते ९, ऑक्टोबरास शून्य, आणि पुढील दोन महिन्यांस इंग्रजी ‘एन’ व ‘डी’ हीं अक्षरें. पहिला आंकडा ३ व दुसऱ्या जागीं ‘एन’ असेल, तर तें घड्याळ ३ नें संपणाऱ्या कोणत्या तरी सालच्या नोव्हेंबरांतील. परंतु तें साल २०१३ कीं २०२३? क्रमांक एवढें सांगत नाहीं. तें नमुन्यावरून ठरवावें लागतें. उलट रोलेक्स कंपनीनें सुमारें २०१० पासून अनुक्रमांकांत कांहींच क्रम ठेविलेला नाहीं. अक्षरें व आंकडे मिसळून दिलेले असल्यामुळें त्यावरून साल काढतां येत नाहीं. शिवाय घड्याळ तयार होण्याची तारीख व विक्रीची तारीख या एक नव्हेत. दुकानाच्या कपाटांत कांहीं महिने राहिलेलें घड्याळ तेवढ्यावरून जुनें अगर खोटें ठरत नाहीं.

क्रमांकाचें खरें सामर्थ्य त्याच्यामागें असलेल्या वहींत आहे. स्वित्झर्लंडांतील सेंट इमिये येथें १८६७ सालीं उभारलेल्या लाँजिन कारखान्यानें आपल्या घड्याळांच्या हस्तलिखित नोंदवह्या जपून ठेविल्या आहेत. त्यामुळें आजोबांच्या खिशांतील घड्याळाचा क्रमांक कळविला, तर तें कोणत्या प्रकारचें व कोणत्या काळचें हें आजही शोधतां येतें. याहून मनोरंजक उदाहरण समुद्रावरचें आहे. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजांतून १८३१ ते १८३६ पर्यंत प्रवास करून आला, त्या जहाजावर रेखांश काढण्यासाठीं २२ क्रोनोमीटर, म्हणजे अत्यंत अचूक चालणारीं घड्याळें, नेलीं होतीं. त्यांपैकीं एक, टॉमस अर्नशॉ या लंडनच्या कारागिरानें सुमारें १८०० सालीं बनविलेलें, आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्याचा क्रमांक ५०९. सारख्या दिसणाऱ्या अनेक पेट्यांतून बीगलवरची पेटी नेमकी हीच, असें म्हणतां येतें तें त्या क्रमांकामुळें व जुन्या नोंदींमुळें.

आतां क्रमांकाची मर्यादा पाहूं. धातूवर आंकडे कोरणें ही अवघड विद्या नव्हे. लबाड कारागीर एकच क्रमांक शेंकडों खोट्या घड्याळांवर घालतो, किंवा खऱ्या घड्याळाच्या छायाचित्रावरून त्याचा क्रमांक उतरून घेतो. दागिन्यांच्या बाबतींत आपल्याकडे आतां एक सोय झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षरआंकड्यांची निराळी खूण सक्तीची झाली असून, ती कोणासही भारतीय मानक संस्थेच्या मोबाइलवरील सोयीनें पडताळतां येते. घड्याळांचे अनेक कारखाने मात्र आपली यादी अशी लोकांपुढें ठेवीत नाहींत. म्हणून क्रमांक आहे एवढ्यावरून घड्याळ खरें मानणें ही भाबडी समजूत होय. एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून न्याय करूं नये, हा पवित्र शास्त्रांतील नियम आपणांस ठाऊक आहे. तोच येथें लावावा.

तो कसा लावावा? घड्याळावरचा अनुक्रमांक, हमीपत्रावरचा अनुक्रमांक आणि पावतीवरचा अनुक्रमांक हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनीं, एकेक आंकडा बोट ठेवून, जुळवून पाहावे. पावतींत नुसतें घड्याळाचें नांव असेल, तर त्यांत क्रमांक लिहून मागावा. प्रामाणिक दुकानदारास त्याचा राग येत नाहीं. हमीपत्रावर विक्रीची तारीख व दुकानाची खूण आहे ना, हें पाहावें. आंकडे खरवडलेले किंवा पुसलेले आढळले, तर किंमत कितीही कमी असो, तें घड्याळ खालीं ठेवावें. घड्याळ कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेणें उत्तम. संशय आला, तर कंपनीच्या दुरुस्तीच्या दुकानांत तें उघडून दाखवावें, कारण आंतलें यंत्र सहसा खोटें बोलत नाहीं.

खरेदीनंतरही काम संपत नाहीं. क्रमांक घरच्या वहींत लिहून ठेवावा. घड्याळ हरवलें तर पोलिसांस सांगण्याजोगी तीच एक नेमकी खूण असते. परदेशीं जातांना मोलाचें घड्याळ कस्टम्स कचेरींत दाखवून दाखला घ्यावा, म्हणजे परत येतांना तें नवें आणलेलें नव्हे हें सिद्ध करणें सोपें जातें. आणि घड्याळाचें छायाचित्र चारचौघांत पाठवितांना क्रमांक झांकावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं बहुतेकांस असें घड्याळ आज घ्यावयाचें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु घरीं जेव्हां तें येईल, तेव्हां इंग्रजी आंकडे व बारीक अक्षरें वाचून दाखविण्याचें काम वडील मंडळी तुमच्यावरच सोंपवतील. तें काम घाई न करतां, निर्भीडपणें करा. आणि एवढें करूनही क्रमांक जुळला नाहीं, तर घड्याळ न घेतां परत येण्यांत कमीपणा मानूं नका. शंभर रुपयांचें खरें घड्याळ जी वेळ दाखवितें, तीच लाख रुपयांचें दाखवितें. पण खोटें घड्याळ मनगटावर बांधून फिरणाऱ्यास दर वेळीं तें पाहतांना आपण फसलों याचीच आठवण होत राहते.