जाळ्यांचें गणित व त्यांतील हरकामे

घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे पाहुण्यांच्या नजरेस मांडव येतो, यजमान येतात, जेवणाची पंगत येते. परंतु पाणी कोणीं भरलें, पत्रावळी कोणीं मोजून ठेविल्या, कोणत्या बिऱ्हाडास बोलावणें गेलें व कोणतें राहिलें याची नोंद कोणीं ठेविली, हें कोणी विचारीत नाहीं. हीं कामें घरचा हरकाम्या करीत असतो. तो एक दिवस चुकला तर काय अनवस्था होते, हें ज्यांनीं घरीं कार्यें काढलीं आहेत त्या पालकांस आम्हीं सांगावयास नको. संगणकाच्या प्रोग्रामांतही असेच हरकामे असतात. क्रमिक पुस्तकांत त्यांच्याविषयीं फारसें लिहिलेलें नसतें, म्हणून यंदाच्या अंकांत त्यांचाच परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ओघानें आमच्या वर्गांत घडलेल्या एका चुकीची हकीगतही येईल. ती चूक विद्यार्थ्यांची नसून आमचीच होती, हें आधींच कबूल करून टाकतों.

प्रथम विषय कोणता तें पाहूं. ग्राफ म्हटला कीं चौकटीच्या कागदावर काढलेली वक्ररेषा आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. येथें तो अर्थ नाहीं. कांहीं बिंदू घ्यावे आणि त्यांतील कांहीं जोड्या रेषांनीं जोडाव्या. एवढ्यासच गणिती लोक ग्राफ म्हणतात. बिंदू हीं गांवें समजलीं तर रेषा हे रस्ते. बिंदू हीं माणसें समजलीं तर रेषा या ओळखी. रेषा सरळ कीं वांकडी याचा येथें संबंध नाहीं. कोण कोणाशीं जोडलेला आहे एवढेंच पाहावयाचें. या शास्त्राचा आरंभ लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानें केला असें मानतात. प्रशियांतील कोनिग्जबर्ग शहरांत (आतां हें शहर कालिनिनग्राद या नांवानें रशियांत आहे) प्रेगेल नदीवर सात पूल होते, व नदीमुळें शहराचे चार भूभाग झाले होते. प्रत्येक पुलावरून एकदांच जाऊन सर्व पूल ओलांडतां येतील काय, हा तेथील प्रश्न. येणार नाहींत, असें ऑयलरनें १७३५ सालीं सेंट पीटर्सबर्गच्या ॲकॅडमीपुढें सिद्ध केलें. चार भूभागांस अनुक्रमें ५, ३, ३ व ३ पूल लागत होते. ज्यांस विषम संख्येनें पूल लागतात असे भूभाग दोहोंहून अधिक असले कीं तसा फेरफटका अशक्य होतो, आणि येथें तर चारही विषम. या आंकड्यांची बेरीज करून पाहा. ती १४ येते, म्हणजे सातांची दुप्पट. कारण प्रत्येक पुलास टोकें दोन. ही बेरीज कधीं विषम आली तर मोजण्यांत कोठें तरी चूक झाली असें खुशाल समजावें.

सात पुलांचें गणित बोटांवर होतें. परंतु आज ज्या जाळ्यांचा अभ्यास करावा लागतो त्यांत लक्षावधि बिंदू असतात, आणि तेथें संगणकावांचून गति नाहीं. याकरितां पायथन भाषेंत लिहिलेली नेटवर्क-एक्स नांवाची एक लायब्ररी आहे. येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांचें कपाट नव्हे; दुसऱ्यांनीं आधींच लिहून, तपासून ठेविलेल्या फंक्शनांचा तो संग्रह असतो, आणि आपल्या प्रोग्रामांत त्यांस हांक मारतां येते. अॅरिक हॅगबर्ग, डॅन शुल्ट व पीटर स्वार्ट या तिघांनीं ही लायब्ररी उभारली व ती २००५ सालीं लोकांस खुली झाली. ती विनामूल्य आहे, आणि तिची प्रत्येक ओळ कोणासही वाचतां येते. सर्वांत जवळचा मार्ग काढणारीं तिच्यांतील बडीं फंक्शनें सर्वांच्या परिचयाचीं असतात. त्यांच्यामागें युटिल्स नांवाच्या एका बाजूच्या खोलींत हे हरकामे राहतात.

त्यांतील एकाचें नांव पेअरवाइज. त्यास यादी द्यावी. तो शेजारशेजारच्या जोड्या करून देतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांतील वंशावळ आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलेली आहेच. अब्राहाम, इसहाक, याकोब, यहूदा हीं चार नांवें दिलीं तर तो अब्राहाम–इसहाक, इसहाक–याकोब, याकोब–यहूदा अशा तीन जोड्या परत देतो. नांवें चार, दुवे तीन. कुंपणाचे खांब मोजावयाचे कीं खांबांमधील गाळे, या घोटाळ्यांत शहाणेसुद्धां पडतात. त्याच वंशावळींत अब्राहामापासून येशूपर्यंत नांवें मोजलीं तर ४१ भरतात. शुभवर्तमानकार मात्र चौदा चौदा पिढ्यांचे तीन भाग सांगतो, म्हणजे ४२. या एकाच्या फरकावर भाष्यकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे, तींत आम्ही शिरत नाहीं. आमच्या हरकाम्यास विचाराल तर तो म्हणेल, ४१ नांवांचे दुवे ४०. यादी वर्तुळाकार असली, जसें शहराभोंवतीं फिरून पुनः आरंभींच्या थांब्यावर येणारी बस, तर शेवटच्याचा पहिल्याशींही दुवा हवा. तसें त्यास निराळें सांगावें लागतें. न सांगितल्यास ती जोडी तो करीत नाहीं, आणि आपली बस शेवटच्या थांब्यावर कायमची उभी राहते.

दुसरा एक जण समूहांतील कोणताही एक सभासद दाखवितो. डब्यांत लाडू आहेत कीं करंज्या हें पाहण्यासाठीं एक उचलून घेतला तर डब्यांत एक कमी होतो. हा मात्र न उचलतां दाखवितो. ज्या रांगेंतून एक घेतला कीं तो पुनः जागीं ठेवितां येत नाहीं अशी रांग पुढें ठेविली तर तो काम साफ नाकारतो, आणि हा त्याचा गुणच समजावा. तिसरा याद्या उलट्या करतो: कोणता विद्यार्थी कोणत्या तुकडींत हें त्यास द्यावें, कीं कोणत्या तुकडींत कोण कोण तें तो लिहून देतो. आणखी एक दारवान आहे. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांचें जाळें, ज्या फंक्शनास तें चालत नाहीं त्याच्याकडे, तो आंत जाऊं देत नाहीं. बाकीच्यांविषयीं लिहीत बसलों तर संपादक आमची पानें कापतील.

परंतु एकाविषयीं विस्तारानें लिहिलेंच पाहिजे. त्याचें नांव युनियन-फाइंड. त्याच्या कामाचें महत्त्व समजण्यासाठीं प्रथम मोराव्हियांत जाऊं.

१९२६ सालीं मोराव्हिया हा चेकोस्लोव्हाकिया देशाचा भाग होता. त्याच्या दक्षिण भागांत गांवोगांव वीज न्यावयाची होती. वीज कंपनींत नोकरीस असलेल्या एका मित्रानें ओटाकार बोरूव्का या तरुण गणितज्ञास विचारलें कीं, सर्व गांवें जोडलीं जावीं आणि तार तर कमींत कमी लागावी, असें जाळें कसें काढावें? बोरूव्का यांनीं त्याच सालीं रीत शोधून ती चेक भाषेंत प्रसिद्ध केली. ती भाषा वाचणारे थोडे, म्हणून तिचा बोभाटा झाला नाहीं. पुढें त्या लेखाचें एक टंकलिखित भाषांतर अमेरिकेंत फिरत होतें. तें जोसेफ क्रुस्कल या तरुणाच्या दृष्टीस पडलें, आणि १९५६ सालीं त्यानें याच प्रश्नाची एक अतिशय सोपी रीत दिली. ती अशी: सर्व रस्ते लांबीच्या चढत्या क्रमानें मांडावे. एकेक घेत जावा. त्याचीं दोन टोकें आधींच, कोणत्याही वाटेनें, एकमेकांस जोडलेलीं असतील तर तो सोडून द्यावा; नसतील तर त्यावर तार टाकावी.

आपण पांच गांवें घेऊं: क, ख, ग, घ आणि प. रस्ते किलोमीटरांत असे: क–ख २, ग–घ ३, क–ग ४, ख–ग ५, घ–प ६, क–घ ७, ख–प ८. पहिले तीन घेतले. ख–ग पाहिला, ख व ग हे कच्या द्वारें जोडलेलेच आहेत, म्हणून सोडला. घ–प घेतला. सर्व गांवें जोडलीं गेलीं. तारा चार, लांबी १५ किलोमीटर. उरलेले दोन रस्ते आपोआप सुटतात.

रीत सोपी खरी, परंतु तींत एक प्रश्न वारंवार येतो: हीं दोन गांवें आधींच जोडलेलीं आहेत काय? पांच गांवांत तें डोळ्यांनीं दिसतें. पांच लाख गांवांत प्रत्येक वेळीं सारें जाळें धुंडाळावें लागलें तर दिवस पुरणार नाहींत. येथें युनियन-फाइंड उपयोगी पडतो. त्याची युक्ति आपल्या कुळांसारखी आहे. दोन माणसें एका कुळांतील आहेत किंवा कसें हें पाहावयाचें असेल तर प्रत्येकाची वंशावळ वर वर नेत मूळ पुरुषापर्यंत जावें. मूळ पुरुष एकच निघाला तर कूळ एक. आरंभीं प्रत्येक गांव स्वतःच आपलें मूळ असतें. दोन गट जोडावयाचे झाले कीं एका गटाचें मूळ दुसऱ्या गटाच्या मुळाखालीं घालावयाचें. धाकटा गट थोरल्याखालीं घालावा, म्हणजे वंशावळ उंच होत नाहीं. आणि एकदां मुळापर्यंत जाऊन आलों कीं वाटेंतील प्रत्येकापुढें तें मूळ थेट लिहून ठेवावें, म्हणजे पुढच्या खेपेस सारा जिना चढावा लागत नाहीं. ही युक्ति गॅलर व फिशर यांनीं १९६४ सालीं मांडली. हीं दोन पथ्यें पाळल्यास दर प्रश्नामागें सरासरीनें किती पायऱ्या चढाव्या लागतात याचा हिशेब रॉबर्ट टार्जन यांनीं १९७५ सालीं केला. ती संख्या इतकी सावकाश वाढते कीं व्यवहारांतील कितीही मोठ्या जाळ्यास ती जवळजवळ स्थिरच समजावी. आम्हांस तर हा सारा प्रकार वाचतांना जादूसारखा वाटला.

आतां आमची चूक. वर्गांत हा हरकाम्या मुलांकडून स्वतः लिहून घ्यावा, आयता घेऊं नये, असें आमच्या मनांत आलें. धाकटा-थोरला हा भाग सोडून देऊन, पहिलें गांव दुसऱ्याखालीं घालावें, एवढाच सोपा नियम आम्हीं ठरविला. फळ्यावर ओळ लिहितांना मात्र ‘पहिल्या गांवाचें मूळ दुसऱ्याच्या मुळाखालीं’ असें लिहिण्याऐवजीं ‘पहिलें गांव दुसऱ्या गांवाखालीं’ असें लिहिलें गेलें. मुलांनीं तें उतरून घेतलें. प्रोग्राम चालला. संगणकानें कसलीही तक्रार केली नाहीं, आणि उत्तर आलें: २० किलोमीटर.

वर्ग खूष झाला, कारण कांहीं तरी उत्तर आलें होतें. आम्हीही खूष झालों, हें लपवूं कशाला? एका विद्यार्थिनीनें मात्र तारा मोजल्या. त्या पांच होत्या. ती उठून म्हणाली, “सर, खांब पांच असले तर गाळे चारच ना? मग पांच गांवांस पांच तारा कशाला?” जाळ्यांत वळसा नसेल तर तारा गांवांपेक्षां एकानेंच कमी असतात, पांच तारा म्हणजे कोठें तरी वर्तुळ झालें, व एक तार फुकट गेली.

मग आम्ही सर्व मिळून एकेक पायरी तपासूं लागलों. क–ख जोडतांना क हें खच्या खालीं गेलें, ठीक. ग–घ जोडतांना ग हें घच्या खालीं गेलें; तेंही ठीक. येथपर्यंत चूक दिसतच नव्हती, कारण तोंवर जोडलें जाणारें प्रत्येक गांव स्वतःच आपलें मूळ होतें. तिसऱ्या रस्त्याला, क–गला, घात झाला. कचें मूळ ख. तें घच्या खालीं जावयास हवें होतें. आमच्या ओळीनें कलाच खच्या खालून काढून गच्या खालीं बसविलें. ख बिचारें एकटें पडलें. बाहेर क व ख यांमध्यें तार उभी, आणि वहींत मात्र त्यांचें नातें तुटलेलें! त्यामुळें ख–ग हा रस्ता पुढें येतांच हरकाम्यानें हीं दोन निराळीं कुळें आहेत असें सांगितलें, आणि पांच किलोमीटरांची अनावश्यक तार पडली. आमच्या फळ्यावर ती खडूची रेघ होती. मोराव्हियांत ती पांच किलोमीटरांचे खांब, तार आणि मजुरी झाली असती, आणि तो पैसा गांवकऱ्यांच्याच वीजबिलांतून वसूल झाला असता.

क्रुस्कलच्या रीतींत कांहींएक दोष नव्हता, हें ध्यानांत घ्यावें. रस्त्यांच्या लांब्याही बिनचूक होत्या. चुकला तो हाताखालचा. नेटवर्क-एक्समध्यें या हरकाम्यांची परीक्षा घेणारे लहान लहान प्रोग्राम निराळे लिहून ठेविलेले आहेत, तें कां, हें त्या दिवशीं वर्गास समजावून सांगावें लागलें नाहीं. आम्हीही दुसऱ्या दिवशीं तशी एक परीक्षा लिहिली: गांवांची संख्या, वजा तारांची संख्या, बरोबर एक. ती ओळ त्या विद्यार्थिनीच्याच हस्ताक्षरांत फळ्याच्या कोपऱ्यांत बरेच दिवस होती.

सुटींत करून पाहण्यासाठीं एक उदाहरण देतों. वरच्याच गांवांत ख–ग हा रस्ता नवा पूल झाल्यामुळें ५ ऐवजीं १ किलोमीटराचा झाला असें समजा. बाकी सर्व रस्ते तसेच. रस्त्यांचा क्रम पुनः लावावा, आणि आधीं शुद्ध नियमानें व मग आमच्या चुकीच्या नियमानें, दोन्ही रीतींनीं कागदावर वंशावळी मांडाव्या. दोन्हींकडे तारा चार येतात, आणि लांबी १२ किलोमीटर येते. म्हणजे चुकलेला हरकाम्या या खेपेस परीक्षेंत पास होतो. तो कां पास झाला, आणि त्यास नापास करणारें याहून लहान जाळें किती गांवांचें काढतां येईल, हें शोधून जे विद्यार्थी उत्तर आणतील त्यांच्यासाठीं फळ्याचा तोच कोपरा आम्हीं राखून ठेविला आहे.