वाचता येत नाही, म्हणून शाळा सोडवावी का?

प्रश्न : आमचा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, कांद्याच्या पट्टीचा हिशेब तोंडी करतो. पण पुस्तक उघडलं की रडकुंडीला येतो. काल ओळखलेलं अक्षर आज ओळखत नाही. ‘भ’ला ‘म’ म्हणतो, जोडाक्षरं गाळून पुढे जातो. शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं म्हणतो. मी पदवीपर्यंत शिकले आहे. त्याला शाळेतून काढून घरीच शिकवलं तर चालेल का? कायद्याची अडचण येईल का?
— एक आई, सटाणा

उत्तर : ताई, वाचन शिकवायचं काम आजपासून घरी सुरू करा, शाळा मात्र एवढ्यात सोडवू नका. असं का म्हणतो, ते सांगतो.

गोष्ट लक्षात ठेवणारा, तोंडी हिशेब करणारा मुलगा मंद नसतो आणि आळशीही नसतो. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशाच एका 14 वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. गणित आवडणारा, चुणचुणीत, पण साधे शब्द वाचता न येणारा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. या अडचणीला आज डिस्लेक्सिया म्हणतात. यात दोष सहसा डोळ्यांचा नसतो. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणं अशा मुलांना जड जातं.

तुमच्या मुलाला तेच आहे का, हे तपासणीनंतरच कळेल. आधी सटाण्यातच डोळे आणि कान तपासून घ्या. मग पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटा. पुढच्या तपासणीसाठी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुलाचं वयही आता निदानाला योग्य आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

आणखी एक गोष्ट पाहा. तुमच्या बागलाण तालुक्यात अनेक घरांची बोली अहिराणी आहे. घरी ‘माले’ म्हणणारं मूल पुस्तकातलं ‘मला’ वाचताना ‘माले’ म्हणालं, तर त्याला अर्थ कळला आहे. ती चूक धरू नका.

आता घरच्या अभ्यासाविषयी. अख्खी बाराखडी पाठ करून घेण्याचा आग्रह सोडा. 34 व्यंजनं आणि प्रत्येकाची 12 रूपं म्हटली तरी चारशेवर आकार होतात. अडखळणाऱ्या मुलाला ते एकदम झेपत नाही. मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा घेऊन लगेच शब्द वाचायला लावणं, ही पद्धत त्याला मानवेल. क, म, ल, न, र आणि काना एवढंच घेतलं तरी कमल, नाक, काम, माल, कान, नारळातला ‘नार’ असे कितीतरी तुकडे आणि शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात ‘मला वाचता आलं’ हा अनुभव त्याला मिळायला हवा. हा गट पक्का झाल्यावरच पुढचा घ्या. भ-म, घ-ध या जोड्या एकाच वेळी शिकवू नका. एक अक्षर मुरलं की बऱ्याच दिवसांनी दुसरं आणा. ऱ्हस्व वेलांटी स्वतंत्रपणे समजवा, कारण ती लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर.

रोज वीस मिनिटं पुरेत, पण एकही दिवस चुकवू नका. पहिली पाच मिनिटं पुस्तकाशिवाय आवाजांचे खेळ घ्या : ‘कांदा’ कशानं सुरू होतो? ‘गाडी’तला ‘गा’ काढला तर काय उरतं? मग परातीत पसरलेल्या बाजरीत किंवा वाळूत, आवाज मोठ्यानं म्हणत, बोटानं अक्षर काढायचं. त्यानंतर शब्द. शेवटी तो सांगेल ते तुम्ही एका वहीत त्याच्याच शब्दांत लिहा : सटाण्यातल्या देवमामलेदारांच्या यात्रेतला पाळणा, चाळीत भरलेला उन्हाळ कांदा, बाजार समितीतला लिलाव. दोन-तीन ओळी पुरे. स्वतःचं बोलणं वाचताना पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे धीर येतो.

वाचन मागे आहे म्हणून ज्ञान मागे ठेवू नका. परिसर अभ्यास, इतिहास, गोष्टी त्याला रोज वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं, पाहुण्यांसमोर वाचायला उभं करणं आणि भावंडांशी तुलना करणं मात्र आजच बंद करा.

आता कायदा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. घरच्या शिक्षणाची वेगळी वाट त्यात आखून दिलेली नाही. पालकांना शिक्षेची तरतूदही नाही, आणि शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात परत प्रवेश घेता येतो. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळामार्फत 10 वर्षांनंतर पाचवीची आणि 13 वर्षांनंतर आठवीची परीक्षा देता येते. म्हणजे दार बंद होत नाही.

तरीही शाळा सोडल्यानं वाचन येत नाही. ते शिकवण्याच्या रीतीनं येतं. शाळेत त्याला मित्र आहेत, खेळ आहे, सवलतींचा हक्क आहे. म्हणून आधी वर्गशिक्षकांना भेटा आणि तीन गोष्टी मागा : सगळ्यांसमोर वाचायला लावू नये, तोंडी उत्तर स्वीकारावं, फळ्यावरून उतरवायला कमी द्यावं. एवढं झालं तर पोटदुखी पुष्कळदा आपोआप कमी होते. शाळेनं ऐकलंच नाही आणि मुलाचा रोज अपमान होत राहिला, तर दुसरी शाळा शोधा. तीही सापडली नाही, तरच घरचा पर्याय घ्या. मात्र तेव्हा मुक्त मंडळाची माहिती हाताशी ठेवा आणि गल्लीतल्या मुलांशी त्याचा रोजचा खेळ तुटू देऊ नका.

आणि त्याला आज एक गोष्ट स्पष्ट सांगा : तू हुशार आहेस, तुला वाचायला शिकवायची पद्धत आम्ही बदलतो आहोत. चूक आपली नाही, हे मुलाला कळलं की ते पुन्हा पुस्तकाजवळ बसायला तयार होतं.