वादळ ओसरलं की आमची पाळी

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजलं तर सुरतेकडचा किनारा तीनशे किलोमीटरच्या आसपास. आमचं पाणी म्हणजे वाघूर. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येते, आमच्या शिवारातून तापीकडे जाते. तरीही मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री माझा फोन वाजतो, "भो, वादय कुठवर आलं?"

कारण केळी. केळीचं खोड हे खरं खोड नसतंच. पानांच्या देठांची ती घट्ट गुंडाळी. मुळं उथळ, आणि वर वीस-पंचवीस किलोचा घड. वर्षभर पोसलेली बाग वाऱ्याच्या अर्ध्या तासात आडवी होते. म्हणून मला उपग्रहाची चित्रं पाहायचा आणि हवामान खात्याची बुलेटिनं वाचायचा नाद लागला. वादळ थांबवता येत नाही. पाहून मिळतात ते हाताशी असलेले तास. ते कसे मिळवायचे आणि कुठे घालवायचे, याबद्दल जे कळलं ते सांगतो.

1. बातमीतलं वादळ ओसरतं, तिथून आपलं सुरू होतं.

ताशी 62 किलोमीटरच्या वर वारा गेला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं. 89 पासून तीव्र, 118 पासून अतितीव्र, आणि 222 च्या वर महाचक्रीवादळ. खाली उतरताना 50 ते 61 म्हणजे डीप डिप्रेशन, 31 ते 49 म्हणजे डिप्रेशन. किनारा ओलांडला की समुद्राची ऊब तुटते आणि वादळ या पायऱ्या भराभर उतरतं. टीव्हीवर पट्टी येते, ‘वादळाचा धोका टळला’. मुंबईसाठी ते खरं असतं.

आता केळीचा हिशेब बघा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी 40 किलोमीटर धरली आहे. म्हणजे ज्याला खातं निव्वळ डिप्रेशन म्हणतं, त्यातला वारासुद्धा निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेला पुरतो. ‘कमकुवत झालं’ हे ऐकून टेकू बांधायची दोरी गुंडाळून ठेवायची नसते, सोडायला घ्यायची असते.

2. दोन्ही समुद्रांवर नजर ठेवा.

अरबी समुद्रातलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरीच, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. ते किनाऱ्यावर विरलं नाही. ईशान्येकडे सरकत, जोर गमावत उत्तर महाराष्ट्रावरून पुढे गेलं. आमच्याकडे पोचलं तेव्हा ते चक्रीवादळ राहिलेलं नव्हतं, पण वारा आणि पाऊस घेऊन आलं.

‘गुलाब’ उलट्या बाजूने आलं. 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं, तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडत इकडे सरकलं, पावसाने झोडपून अरबी समुद्रात उतरलं. तिथे त्यातूनच ‘शाहीन’ उभं राहिलं आणि 3 ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं. पूर्व किनाऱ्यावरचं वादळ आपलं नाही, असं तेव्हापासून कुणी म्हणत नाही. आणि 2019 च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं, किनाऱ्याला शिवलंसुद्धा नाही, पण त्याच दिवसांतल्या अवकाळी पावसात महाराष्ट्रभर वेचणीला आलेली कपाशी भिजली. वादळ लांबून जातं तेव्हा वारा कदाचित येत नाही, ओल येते.

3. नकाशावरची रेघ पाहू नका, पट्टा पाहा.

अंदाजाच्या नकाशात मधोमध एक रेघ असते आणि तिच्याभोवती पुंगीसारखा रुंद होत जाणारा पट्टा. लोक रेघेवर बोट ठेवतात आणि विचारतात, "पहूरवरून जाईल का?" रेघ ही फक्त केंद्राची, तीही अंदाजाची. केंद्र पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं, आणि वारा-पाऊस केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेला असतो.

2019 च्या जूनमधलं ‘वायू’ आठवा. 13 तारखेला वेरावळजवळ धडकणार म्हणून गुजरातने सुमारे तीन लाख माणसं हलवली, आणि वादळ ऐनवेळी समुद्रातच वळलं. काहींनी हवामान खात्याची टिंगल केली. किनारा पट्ट्यात होता, म्हणून माणसं हलवली. तो निर्णय वादळ वळल्यानंतरही बरोबरच ठरतो. आम्हीही तेवढंच बघतो: पट्टा आपल्या तालुक्याला शिवतो का, आणि दर नव्या बुलेटिनला तो कोणत्या बाजूला सरकतोय. तीन बुलेटिनांत सलग एकाच बाजूला सरकला, तर ती सरकण पुढेही धरून चाला.

4. आकडा दिसला की आधी माप आणि घड्याळ विचारा.

28 ऑक्टोबर 2025 ला दोन वादळं एकाच दिवशी जमिनीवर आली. जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ‘मेलिसा’, वाऱ्याचा वेग 185. आणि रात्री आंध्रच्या किनाऱ्यावर ‘मोंथा’, 90 ते 100. फोनवर दोन्ही आकडे शेजारी फिरत होते आणि मेलिसा दुप्पट मोठं वाटत होतं. पण 185 हे मैल होते, 100 हे किलोमीटर. मैलांचे किलोमीटर केले की जवळजवळ 298, म्हणजे तिप्पट. शिवाय अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी धरतात, आपल्याकडे तीन मिनिटांची. एक मिनिटवाला आकडा नेहमी थोडा चढा येतो. जहाजवाल्यांचा नॉट वेगळाच. एक नॉट म्हणजे 1.85 किलोमीटर. आणि झोताचा वेग सरासरीहून वर असतो. केळी सरासरीने पडत नाही, झोताने पडते.

घड्याळाचंही तेच. उपग्रहाच्या चित्रावर 0600 यूटीसी लिहिलेलं असेल तर आपले सकाळचे साडेअकरा. साडेपाच तास मिळवायचे विसरलं की माणूस जुनं चित्र ताजं समजून निवांत बसतो.

आणखी एक. विंडीसारख्या अ‍ॅपवर फिरणारे रंग सुंदर दिसतात, पण पुढच्या तासांचे ते रंग म्हणजे संगणकाचं गणित, मोजमाप नव्हे. अमेरिकेत विमानं थेट वादळाच्या डोळ्यात शिरून वारा मोजतात. आपल्याकडे समुद्रावरच्या वादळाचा जोर मुख्यतः इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांतल्या ढगांच्या ठेवणीवरून ठरवतात. डोळा किती स्वच्छ, भोवतीच्या ढगांचे माथे किती थंड, यावरून. किनारा जवळ आला की रडार मदतीला येतं. म्हणून दोन अ‍ॅप दोन गोष्टी सांगत असतील तर मी भांडत बसत नाही, खात्याचं पुढचं बुलेटिन येऊ देतो.

5. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

फोनची रेंज गेली, लाइट गेली, तरी चालणारी एक युक्ती आहे. मोकळ्या वावरात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि डावा हात सरळ बाजूला धरायचा. कमी दाबाचं केंद्र साधारण त्या बाजूला असतं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून हे जमतं.

तासाभराने पुन्हा बघायचं. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वादळात वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला वळत गेला, तर केंद्र आपल्या उत्तरेकडून चाललंय आणि आपण त्याच्या उजव्या हाताला आहोत. तो पूर्वेकडून ईशान्येला गेला, तर केंद्र दक्षिणेकडून निघालं. उजवी बाजू वाईट, कारण तिथे वादळाच्या फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात. निसर्गच्या वेळी मुंबई डाव्या हाताला राहिली आणि बचावली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या उजव्या हाताला सापडल्या.

6. मिळालेले तास आधी वाटून घ्या.

तीन दिवस हातात असतील तर कापणीला आलेले घड उतरवायचे. व्यापाऱ्याला वादळाची खबर आपल्याआधी असते, भाव पडलेला असतो. तरी आडव्या पडलेल्या घडापेक्षा तो भाव बरा. दोन दिवस असतील तर टेकू. दोन बांबूंची कैची घड ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूने, घडाच्या दांड्याखाली बसवायची; पट्टीने बांधताना गाठ फळाला घासणार नाही अशी घ्यायची, कारण रात्रभरच्या हेलकाव्यांत ती घासण फण्यांवर काळी उमटते आणि घड उभा राहूनही भाव जातो. सगळ्या बागेला बांबू पुरत नाहीत. आधी वाऱ्याच्या तोंडावरच्या कडेच्या ओळी, मग भरलेले घड.

एक दिवस उरला की पाणी बंद. भिजलेली माती मुळं सोडते. लोंबणारी वाळकी पानं काढायची, ती शिडासारखा वारा धरतात. नदीवरची मोटर वर घ्यायची, चाळीवरच्या ताडपत्रीला दगड नाही, दोर लावायचे. गुरं पत्र्याच्या शेडमधून आणि झाडाखालून काढायची. आणि दिवस मावळायच्या आत बागेचे फोटो, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. वाऱ्याने नुकसान झालं तर विम्याची सूचना 72 तासांत द्यावी लागते. तेव्हा तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघत बसलो तर मुदत निघून जाते.

7. बिननावाच्या वादळाला जास्त भ्या.

खरं सांगायचं तर जळगाव जिल्ह्यातल्या केळीची जास्त नासाडी नाव असलेल्या वादळांनी होत नाही. ती होते मे-जूनच्या दुपारी उठणाऱ्या वळवाने. सातपुड्याच्या बाजूने नाहीतर अजिंठ्याच्या डोंगरावरून काळं भरून येतं, आधी गरम हवा थांबते, मग एकदम थंड वारा जमिनीलगत सुटतो. ढगातला पाऊस खाली येताना हवा थंड करतो, ती जड होऊन आदळते आणि चारी बाजूंना पसरते. तोच हा झोत. रावेर, यावल, चोपड्याच्या बागा असल्या वाऱ्याने कितीतरी मोसमांत झोपल्या. याला तीन दिवसांची खबर नसते. रडारवर दिसतं तेही तासाभरापूर्वी. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासची वीज दाखवतं, त्यावर शेतातली माणसं आणि गुरं वाचतात. बाग नाही वाचत. तिचा बंदोबस्त लागवडीच्या वेळीच करावा लागतो: बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवताची दाट कड, आणि भारी घडांना वादळाची वाट न बघता टेकू.

8. निरोप द्यायचा तो कामाचा.

वादळ बघणाऱ्याला आपल्याला किती कळतं हे सांगायची हौस असते. ओट्यावर बसलेल्या आप्पांना मिलिबार सांगून उपयोग नाही. ते विचारतात, "मंग करू काय?" त्याचं उत्तर असं हवं: "उद्या दुपारपासून परवा सकाळपर्यंत वारा राहील. आज घड उतरवा, संध्याकाळी मोटर काढा."

1999 च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2013 मध्ये त्याच राज्यावर ‘फायलिन’ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मधल्या चौदा वर्षांत अंदाज सुधारले, तशी निवाऱ्याची घरं बांधली गेली आणि प्रत्येक दारापर्यंत निरोप पोचवणारी माणसंही तयार झाली. उलट 17 मे 2021 ला ‘तौक्ते’च्या वेळी इशारे दिवसांपूर्वी निघालेले असूनही मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. इशारा निघणं आणि त्यावरून माणूस हलणं या दोन गोष्टींत अंतर राहिलं, की अंदाज कितीही बिनचूक असो, वाया जातो.

9. वादळ हुकलं तर मजुरी वाया गेली म्हणू नका.

असं होणारच. टेकू दिले, घड उतरवले, आणि वादळ भलतीकडे निघून गेलं, की ओट्यावर हसू होतं. हसू द्यावं. त्या मोसमात दिलेला टेकू पुढच्या वळवालाही उभा असतो. आणि वादळ खरंच आलं, बाग पडली, तरी सगळं संपत नाही. पडलेलं खोड कापून जोमदार पील राखलं तर खोडव्यावर पुढचं पीक उभं राहतं. पोफळी गेलेल्या कोकणातल्या माणसाला नव्या झाडाच्या फळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणून पंचनाम्यानंतर रडगाणं कमी आणि कोयता लवकर. यंदा लागवड करणार असाल तर शेवरीचं बी आधी टाका, विम्याची मुदत आजच बघून ठेवा, आणि बांबू स्वस्त असताना, म्हणजे आकाश निरभ्र असताना घ्या.