रास्पबेरी पाय चालू, पण काउंटरवर बिल निघेना: लॅनचा बिघाड कसा शोधायचा

मागच्या व्हिडिओत आपण रास्पबेरी पायवर दुकानाचं बिलिंग कसं बसवायचं ते पाहिलं. आत कपाटात पाय, बाहेर काउंटरवर दोन कॉम्प्युटर, एक थर्मल प्रिंटर आणि मधे एक स्विच, अशी आपली मांडणी होती. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, पायचा लाल दिवा चालू आहे, पण काउंटरवर बिल निघत नाही. आता?" (आमच्या बॅचमध्ये कोणी "पाय बंद पडला" म्हटलं की आधी सगळे हसतात. पण शनिवारी संध्याकाळी सहा गिऱ्हाईकं रांगेत असताना मालकाला हसू येत नाही.)

अर्धा तास बिल थांबलं की दोन जण माल तसाच ठेवून निघून जातात. उरलेल्यांची बिलं आपण कच्च्या कागदावर लिहितो. रात्री ती चढवताना एखादी चिठ्ठी राहते आणि स्टॉक चुकतो. म्हणून बिघाड कुठे आहे एवढं तरी मालकाला स्वतःला कळायला हवं. दुरुस्त करायला माणूस बोलवा, हरकत नाही. पण त्याला काय सांगायचं ते आपल्याला माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट, आणि ही लक्षात ठेवाच: घाबरून मेमरी कार्ड फॉरमॅट करून सिस्टीम नव्याने टाकू नका. आपली बिलं त्याच कार्डावर आहेत. बिघाड दहा रुपयांच्या क्लिपचा असतो आणि माणूस वर्षभराचा डेटा पुसून बसतो.

दुसरी गोष्ट. इंटरनेट बंद आणि नेटवर्क बंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटर ते स्विच ते पाय हा रस्ता दुकानाच्या आतला आहे. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी आपलं बिलिंग चालायला हवं. आणि यूपीआयचा साउंडबॉक्स बोलतोय म्हणजे नेट आहे, असं समजू नका. बहुतेक साउंडबॉक्स स्वतःच्या सिमवर चालतात, आपल्या केबलशी त्यांचा काही संबंध नसतो.

आता शोधायला लागू. खालून वर जायचं: दिवा, केबल, करंट, पत्ता आणि शेवटी नाव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि अडॅप्टर एकदम बदललं आणि चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. मग महिन्याभराने तोच बिघाड परत येतो. (कमांड व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आहेत, इथे फक्त त्यांची नावं देतोय.)

पायच्या लॅन पोर्टवर दोन बारीक दिवे असतात. स्विचवरही प्रत्येक पोर्टला दिवा असतो. दोन्ही टोकांना अंधार असेल तर सॉफ्टवेअरकडे बघूच नका, दोष तारेचा, पोर्टचा किंवा करंटचा आहे. काउंटरवरची चालू असलेली केबल काढून पायला लावा. दिवा लागला तर जुनी केबल गेली. नाही लागला तर स्विचचं दुसरं पोर्ट बघा. या दोन अदलाबदलींत बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

केबलवर थोडं थांबू, कारण सगळ्यात फसवा बिघाड इथेच असतो. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसचं नेटवर्क त्यातल्या दोनच जोड्यांवर चालतं, कनेक्टरच्या 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या पिनांवर. गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात. गंमत अशी, की पाय आणि स्विच "आपण गिगाबिटवर बोलू" हे एकमेकांना सांगतात ते त्या दोन चांगल्या जोड्यांवरूनच. तिसऱ्या किंवा चौथ्या जोडीतली एखादी तार तुटलेली असेल, तर ठरतं गिगाबिट आणि प्रत्यक्षात ते जमत नाही. मग लिंक लागते, जाते, पुन्हा लागते. काही उपकरणं समजून घेऊन 100 वर उतरतात, काही नुसती धडपडत राहतात.

म्हणूनच "जुन्या पायला हीच केबल दोन वर्षं चालली, नवीन पायला चालत नाही, म्हणजे नवीन पाय खराब" हा हिशोब चुकतो. रास्पबेरी पाय 3 बी ला मुळात 100 एमबीपीएसचंच पोर्ट होतं. 2019 मध्ये आलेल्या पाय 4 ला पूर्ण गिगाबिट आहे. आमच्या बॅचमधल्या एका ताईंना अशाच कारणावरून नवीन बोर्ड घ्यायला सांगितलं गेलं होतं. शेवटी निघालं काय, तर शटरच्या पट्टीखाली केबल दबली होती आणि तपकिरी जोडी तुटली होती.

हे बघायला इथटूल ही कमांड वापरा. पाय 4 आणि गिगाबिट स्विच असूनही स्पीड 100 दिसत असेल, तर आधी केबलवर संशय घ्या. डीमेसेज कमांडमध्ये "लिंक इज डाउन, लिंक इज अप" असं पुन्हा पुन्हा आलं असेल, तरीही तेच. तीनशे रुपयांच्या आत मिळणारा केबल टेस्टर गल्ल्यात ठेवा. एका टोकाला एक डबी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि एक ते आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत. टोक नव्याने बसवायचं असेल तर रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

खरेदीबद्दल माझं स्पष्ट मत: "कॉपर क्लॅड" म्हणजे वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. दोनदा वाकवली की आतून तुटते. पूर्ण तांब्याची कॅट 5ई दुकानाला भरपूर झाली. लांबी स्विचपासून पायपर्यंत 100 मीटरच्या आत ठेवा. आणि दुकानातून रस्त्यापलीकडच्या गोडाऊनपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल टाकली असेल, तर पावसाळ्यात जवळ वीज पडली की दोन्हीकडची पोर्टं एकदम जळू शकतात. तिथे फायबर टाका.

दिवे लागतात, केबल चांगली आहे, तरी मधेच तुटतं? मग अडॅप्टर बघा. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाईलचा जुना चार्जर लावला तर लाल दिवा लागतो, पाय सुरू होतो आणि काम वाढलं की डळमळतो. स्क्रीनवर कोपऱ्यात पिवळी वीज दिसली तर ती करंट कमी पडल्याची खूण आहे. पाय 3 मध्ये तर लॅनचं काम आतल्या यूएसबीच्याच रस्त्याने चालतं, म्हणून पेन ड्राइव्ह लावल्यावर लॅन गडबडलं तर आश्चर्य वाटायला नको.

आता पत्ता. पायवर "होस्टनेम" कमांडला कॅपिटल आयचा पर्याय देऊन पत्ता बघा. दुकानात सहसा तो 192.168 ने सुरू होतो. 169.254 ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि पायने स्वतःच एक घेतला, असा अर्थ. राउटर बंद आहे का, स्विचपासून राउटरकडे जाणारी तार निघाली आहे का, ते बघा.

कधी चालतं, कधी नाही, आणि संध्याकाळी गर्दीत जास्त त्रास होतो? मग एकाच पत्त्यावर दोन जण राहत असतील. आपण पायला हाताने पत्ता दिला, पण राउटरला ते माहीत नाही. त्याने तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाईलला दिला. तपासणी सोपी आहे: पायची लॅन केबल काढा आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून पायच्या पत्त्याला पिंग करा. केबल काढलेली असूनही उत्तर आलं, तर तिथे दुसराच कोणीतरी बसलाय. उपाय राउटरमध्ये करायचा: डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये पायचा मॅक ॲड्रेस टाकून त्याचा पत्ता राखून ठेवायचा. पायवर हाताने काही लिहायची गरजच राहत नाही.

तरी पायवरच पत्ता पक्का करायचा असेल, तर जुन्या व्हिडिओंमागे लागू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये हे काम नेटवर्क मॅनेजर करतो. आधीच्या धड्यांत सांगितलेली डीएचसीपीसीडीची फाईल बदलून तिथे काही होत नाही. टर्मिनलमध्ये एनएमटीयूआय सुरू करा, खिडकीत भरायला रकाने येतात.

माळ्यावर वायफाय पोचावं म्हणून कोणी दुसरा राउटर आणून स्विचला जोडलाय का, हेही विचारा. दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागले की पाय एका गल्लीत आणि काउंटर दुसऱ्या गल्लीत, उदाहरणार्थ एक 192.168.0 मध्ये आणि दुसरा 192.168.1 मध्ये. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद करा.

तपासताना पायचं वायफाय बंद ठेवा, नाहीतर पिंग वायफायवरून जाईल आणि तुम्हाला वाटेल तार चांगली आहे. आधी राउटरला पिंग, मग 8.8.8.8 ला. हे दोन्ही चाललं आणि वेबसाइटचं नावच उघडत नसेल, तर दोष डीएनएसचा. त्याने क्लाउड बॅकअप अडेल, दुकानातलं बिल अडणार नाही. ते रात्री बघा.

एक शेवटचं. पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. लाईट जाऊन आली आणि नेट आलं नाही, तर तो बंद पडतानाच्या वेळेपासून पुढे मोजतो. रात्रभर बंद असेल, तर सकाळच्या पहिल्या बिलावर कालची तारीख पडते. लाईट गेल्यानंतरच्या पहिल्या बिलावरची तारीख वाचायची सवय काउंटरवरच्या मुलाला लावा. चुकीची असेल तर आधी राउटर चालू आहे का ते बघायचं, वेळ बरोबर झाली की मगच पुढचं बिल.