ओतण्याआधी शोध: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे कानमंत्र

पोरा, ट्रॅक्टर घेतलास, जोडीला डंपिंग ट्रॉलीही घेतलीस, चांगलं केलंस. इंजिनचं ऑइल कसं बघायचं ते तुला शोरूममध्ये दाखवलं असेल. हायड्रॉलिकच्या ऑइलची आठवण मात्र आपल्याकडे लिफ्ट उचलेनाशी झाल्यावरच येते. तोवर पंप किंवा सील गेलेलं असतं. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हायड्रॉलिकचं ऑइल जळत नाही. इंजिनचं थोडंफार जळतं, म्हणून त्यात मधूनमधून भर घालणं चालून जातं. इथे तसं नाही. पंप हौदातून, म्हणजे ऑइलच्या टाकीतून, ऑइल ओढतो, व्हॉल्व्हमधून जॅककडे ढकलतो आणि काम झालं की तेच ऑइल हौदात परत येतं. तेव्हा ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी उतरलेली दिसली, की ते कुठूनतरी बाहेर गेलंय एवढं पक्कं समज. कॅन उघडायच्या आधी ती जागा शोध. पातळी वाढलेली दिसली तरी खूश होऊ नकोस. बहुधा पाणी शिरलेलं असतं, नाहीतर दुसऱ्याच्या ट्रॉलीतलं ऑइल तुझ्या हौदात आलेलं असतं.

गळती नजरेने शोधायची, हाताने नाही. जॅकचा रॉड जिथून बाहेर येतो ती कडा, पाइपची दोन्ही टोकं, पाइप ट्रॅक्टरला जोडणारा कपलर आणि लिफ्टच्या आर्मचा शाफ्ट, या जागा आधी बघ. जिथे धूळ चिकटून काळा ओला थर बसलाय, तिथेच पाझर असतो. रात्री ट्रॅक्टरखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेव, सकाळी डाग जागा दाखवतो. इंजिन चालू असताना पाइपवरून हात मात्र फिरवू नकोस. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये दाब 150 ते 200 बारपर्यंत चढतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार थेट कातडीत घुसते. जखम किरकोळ दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतलं मांस मरत जातं. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी बसवू नकोस. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात ने आणि दाबाचं ऑइल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांग.

पातळी बघायची ती सगळं खाली असताना. ट्रॅक्टर सपाट जागी, लिफ्ट खाली, ट्रॉलीचा हौदा खाली, इंजिन बंद. पाच-दहा मिनिटं थांब, मग पट्टी पुसून पुन्हा घालून बघ. ट्रॉलीच्या जॅकमध्ये कित्येक लिटर ऑइल बसतं आणि बहुतेक ट्रॉल्या ते ट्रॅक्टरच्याच हौदातून घेतात. जॅक वर असताना पातळी बघून ऑइल ओतलंस, तर ट्रॉली खाली आल्यावर ते ब्रीदरमधून, म्हणजे हौदाच्या हवा जायच्या तोंडातून, बाहेर येईल. उलट नवी ट्रॉली पहिल्यांदा जोडलीस आणि भर घातली नाहीस, तर हौदा वर गेला की गिअरबॉक्स कोरडा पडेल, कारण आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. म्हणून ट्रॉली जोडल्यावर दोन-तीनदा सावकाश वर-खाली कर, आत अडकलेली हवा जाऊ दे, मग पुन्हा पट्टी बघ.

कोणतं ऑइल घालायचं ते कंपनीचं पुस्तक ठरवतं, दुकानदार नाही. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि हौद एकच असतो, त्याला ट्रॅक्टरसाठी बनवलेलं खास ट्रान्समिशन-हायड्रॉलिक ऑइल लागतं. स्वस्त पडतं म्हणून त्यात साधं 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल ओतलंस, तर लिफ्ट उचलेल, पण ब्रेक करकरतील आणि लवकर झिजतील. तो 68 आकडा 40 अंश तापमानाला ऑइल किती घट्ट असतं ते सांगतो. 46 नंबरचं त्याहून पातळ. ऑइल जितकं पातळ, तितकं ते मे महिन्यात तापल्यावर झिजलेल्या सीलमधून निसटतं. आणि ब्रेक ऑइल कधीच हायड्रॉलिकमध्ये घालू नकोस. हायड्रॉलिकचं रबर खनिज तेलासाठी केलेलं असतं, ब्रेक ऑइलने ते फुगतं आणि सुटतं. हायड्रॉलिकचं ऑइल ब्रेकच्या डब्यात गेलं तर तिथलं रबरही तसंच जातं.

खरा शत्रू धूळ. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. पंप आणि व्हॉल्व्हमधल्या फटी केसाच्या जाडीहून बारीक असतात, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी धूळ नडते त्याहून न दिसणारी जास्त नडते. ट्रॉली सोडली की कपलरची दोन्ही टोपणं लगेच लाव, पाइप मातीत लोळू देऊ नकोस. जोडताना आधी पुस, मग जोड. पुसायला तंतू न सुटणारं स्वच्छ फडकं घे, कापसाचा बोळा नको, कारण त्याचे तंतू गाळणीत जाऊन बसतात. आपण कापसाच्या मुलखातले, हाताला आधी बोळाच लागतो. एकाची ट्रॉली दहा जणांच्या ट्रॅक्टरला लागते, तेव्हा दहा जणांची घाणही फिरते. मागून आणलेल्या ट्रॉलीचं काम संपलं की ऑइलचा रंग बघत जा.

रंग काय सांगतो ते शीक. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. फेस म्हणजे हवा, बहुतेकदा पातळी कमी असल्याने किंवा ओढणारा पाइप ढिला असल्याने. काळं आणि जळका वास म्हणजे जास्त तापलंय. चमचमणारे कण म्हणजे आत काहीतरी झिजतंय, तेव्हा मिस्तरी बोलाव. शंका आली तर थोडं ऑइल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेव, सुटं पाणी तळाला बसतं. पावसाळ्यात पट्टीची टोपी घट्ट आहे ना ते बघ आणि वॉशिंगवाल्याला ब्रीदरवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नकोस.

ऋतूप्रमाणे हात चालव. धुळ्या-साक्रीकडे थंडीत पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं. पंप सुरुवातीला रडतो, म्हणून चार-पाच मिनिटं कमी रेसवर चालू दे, मग लिफ्ट उचल. उन्हाळ्यात धरणातला गाळ वाहायचं काम निघतं, जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो आणि दिवसभर ट्रॉली वर-खाली होते. जॅक पूर्ण वर गेला की लिव्हर लगेच सोड. दाबून धरलास तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून ऑइल फिरतं आणि तो सगळा जोर उष्णतेत जातो. मापापेक्षा जास्त भरलेल्या ट्रॉलीतही तेच होतं.

उभं करताना सगळं खाली. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, काहीही हवेत ठेवून घरी जाऊ नकोस. जॅकचा रॉड आत राहिला तर त्यावर गंज बसत नाही. रावेर-यावलकडे केळीसाठी खतं वाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: रासायनिक खत रॉडची चकाकी खातं. काम झालं की पाण्याने धू, पुस, मग उभं कर. खरवडलेला रॉड नवं सीलही आठवड्यात कापतो.

बदलायची वेळ तासांवर ठरते. बऱ्याच ट्रॅक्टरना 1000 तासांच्या आसपास ऑइल बदलायला सांगतात, पण तुझ्या पुस्तकातला आकडाच धर. गाळणी त्याआधीच साफ करायची, लोहचुंबक असेल तर तेही पुस. तास मीटरवर दिसतात, ते वहीत लिही: कधी बदललं, किती घातलं, कुठे गळत होतं. काढलेलं ऑइल नाल्यात, विहिरीजवळ ओतू नकोस. ते डब्यात साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला दे.

शेवटचं, आणि हे जिवाचं. हौदा वर करायच्या आधी मान वर करून विजेची तार बघ आणि जमीन सपाट आहे ना ते बघ, कारण तिरप्या जागी भरलेली ट्रॉली आडवी होते. पाइप सोडायच्या आधी इंजिन बंद कर आणि लिव्हर खाली टाकून दाब उतरव. वर उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय कुणीही जायचं नाही, तूही नाही आणि मिस्तरीही नाही. ऑइलच्या भरवशावर कुणी डोकं ठेवायचं नसतं.