परका नव्हे, आप्त

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ नगराजवळ ड्युसेल नावाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या काठच्या एका खोऱ्यास निअँडर खोरे असे म्हणतात. सतराव्या शतकात योआखिम निअँडर नावाचा एक धर्मगीतकार या रम्य स्थळी येत असे. पुढे त्याच्या स्मरणार्थ खोऱ्यास त्याचे नाव मिळाले. 'निअँडर' हे नाव ग्रीक शब्दांवरून घडले असून त्याचा अर्थ 'नवा माणूस' असा आहे. योगायोग असा, की मनुष्यजातीच्या एका अतिप्राचीन शाखेची ओळख जगाला याच 'नव्या माणसाच्या' खोऱ्यात पटली.

ही १८५६ सालची गोष्ट. त्या खोऱ्यात चुनखडीच्या खाणी होत्या. एका गुहेतील माती उपसत असता मजुरांना काही हाडे सापडली. कवटीचा वरचा भाग, मांड्यांची व दंडांची हाडे, काही बरगड्या असा तो ठेवा होता. ही अस्वलाची हाडे असावीत, अशी प्रथम समजूत झाली. सुदैवाने ती योहान कार्ल फुलरोट नावाच्या एका शाळाशिक्षकाकडे पोचली. फुलरोट यांना निसर्गशास्त्राची आवड होती. भुवयांच्या जागचा जाड कंगोरा, मागे उतरत गेलेले कपाळ आणि विलक्षण दणकट हाडे पाहून त्यांनी ओळखले, की ही हाडे माणसाचीच आहेत. मात्र आजच्यासारख्या माणसाची नव्हेत.

परंतु एका शिक्षकाचे हे म्हणणे विद्वानांना सहजासहजी पटले नाही. डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित होण्यास अद्याप तीन वर्षे अवकाश होता. एका पंडिताने सांगितले, की हा १८१४ साली फ्रान्सवर चालून निघालेल्या रशियन फौजेतील एक आजारी घोडेस्वार असावा. रुडॉल्फ फिर्खो हे तर त्या काळचे थोर वैद्यकशास्त्रज्ञ. त्यांनाही ही हाडे बालपणी मुडदूस आणि उतारवयात संधिवात झालेल्या आधुनिक माणसाची वाटली. १८६४ साली विल्यम किंग यांनी या मानवाला निअँडरथाल हे शास्त्रीय नाव दिले. 'थाल' म्हणजे जर्मन भाषेत खोरे. पुढे १८८६ साली बेल्जममधील एका गुहेत तशाच ठेवणीचे सांगाडे मिळाले. एक माणूस रोगी असू शकेल. परंतु ठिकठिकाणची माणसे एकाच रोगाने एकसारखी कशी होतील? अखेर फुलरोट यांचे म्हणणे मान्य झाले.

निअँडरथाल मानवाचे अस्तित्व मान्य झाले, पण त्याला मान मात्र मिळाला नाही. १९०८ साली फ्रान्समध्ये एका वृद्धाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. मार्सेलें बूल या विद्वानाने त्याचे वर्णन केले ते गुडघ्यांत वाकलेला, मान पुढे काढून चालणारा, मंदबुद्धी प्राणी असे. तेच चित्र पुस्तकांतून आणि संग्रहालयांतून सुमारे अर्धशतक लोकांसमोर राहिले. 'निअँडरथाल' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. १९५७ साली दोन शरीरशास्त्रज्ञांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला. तेव्हा आढळले, की त्या वृद्धास तीव्र संधिवात जडला होता. एका रुग्णाची व्यथा साऱ्या जातीचा स्वभाव मानली गेली होती!

त्याच वर्षी इराकमधील शानिदार गुहेत एक सांगाडा मिळाला. त्या पुरुषाच्या डाव्या डोळ्यास जबर इजा झाली होती. उजवा हात खुरटलेला असून त्याचा पुढचा भाग नाहीसा झाला होता. चालतानाही तो लंगडत असावा. तथापि या जखमा भरून आल्यावर तो कित्येक वर्षे जगला. शिकारीवर गुजराण करणाऱ्या टोळीत असा माणूस एकट्याच्या बळावर कसा जगेल? सोबत्यांनी त्याला अन्न दिले असले पाहिजे, त्याचा सांभाळ केला असला पाहिजे. ज्यांना आपण पशुतुल्य ठरवले, त्यांच्या ठायी करुणा होती.

आता प्रश्न उरला तो आपल्या आणि त्यांच्या नात्याचा. निअँडरथाल मानव युरोपात आणि पश्चिम आशियात लक्षावधी वर्षे राहत होते. आपले पूर्वज आफ्रिकेतून तेथे आले. या दोघांची गाठ पडली तेव्हा काय झाले? स्वांते पेबो या स्वीडिश शास्त्रज्ञाने याचे उत्तर हाडांतच शोधले. १९९७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी फुलरोट यांच्या हाती आलेल्या त्याच दंडाच्या हाडातून डीएनए, म्हणजे आनुवंशिक द्रव्य, मिळवले. केवळ आईकडून येणारा तो अल्प अंश होता. त्यात नात्याची खूण आढळली नाही. पेबो तेथेच थांबला नाही. २०१० साली क्रोएशियातील विंदिया गुहेतील हाडांवरून निअँडरथालांच्या समग्र डीएनएचा आराखडा सिद्ध झाला, आणि पहिले अनुमान बदलावे लागले. आफ्रिकेबाहेरील लोकांच्या डीएनएमध्ये सुमारे एक ते दोन टक्के अंश निअँडरथालांचा आहे, असे आज आपण जाणतो. या संशोधनाबद्दल पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रुमानियातील एका गुहेत सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या एका आधुनिक मानवाचा जबडा सापडला आहे. अवघ्या चार ते सहा पिढ्यांमागचा त्याचा एक पूर्वज निअँडरथाल होता, असे २०१५ साली सिद्ध झाले. म्हणजे त्याचा खापरपणजोबाही निअँडरथाल असू शकेल!

सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी निअँडरथाल नाहीसे झाले. त्यांचा वारसा मात्र उरला. त्या वारशात भलेबुरे दोन्ही आहे. २०२० साली करोनाची साथ आली असता असे दिसून आले, की तो आजार तीव्र करणारा एक आनुवंशिक अंश निअँडरथालांकडून आला आहे, आणि दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत तो आढळतो. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडून आलेला दुसरा एक अंश त्याच आजारापासून काहीसे रक्षण करतो, असेही कळले. घराण्याचा वारसा असाच असतो. त्यातले हवे तेवढे निवडून घेता येत नाही.

एका खाणीत मिळालेल्या हाडांना आपण प्रथम अस्वल म्हटले, मग रोगी म्हटले, मग पशू म्हटले. दीडशे वर्षांनी कळले, की ती आपल्याच आप्तांची आहेत. त्यांना परके ठरवण्याची जेवढी घाई आपण केली, तेवढाच विलंब त्यांना ओळखण्यास लागला. अनोळखी माणसाविषयी मत बनवताना एवढे ध्यानात राहिले, तरी त्या मूक हाडांचे आपल्यावर मोठे उपकार होतील.

स्वाध्याय

१. फुलरोट यांनी हाडांवरून कोणता निष्कर्ष काढला? तो विद्वानांना का पटला नाही?
२. 'एका रुग्णाची व्यथा साऱ्या जातीचा स्वभाव मानली गेली' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. शानिदार येथील सांगाड्यावरून निअँडरथाल मानवाच्या स्वभावाविषयी काय समजते?
४. पेबो यांना आपले पहिले अनुमान का बदलावे लागले? शास्त्रज्ञाच्या अंगच्या कोणत्या गुणाचे येथे दर्शन घडते?
५. पुढील शब्द वाक्यांत योजा : योगायोग, गुजराण करणे, पशुतुल्य, वारसा.